पट्टा काढलेलं मशीन

"आप्पा, मशीन रिकामंच काय चालवताय? पट्टा कुठे गेला त्याचा?"

दारात दिनू भाटकर उभा होता. मी मान वर केली नाही. डाव्या हाताच्या चिमटीत गळ होता, उजव्या हातात कोळंबी, आणि पायाखाली शिलाई मशीनची लोखंडी जाळी खाली-वर, खाली-वर.

"बोलू नकोस. जरा थांब."

दिनू थांबला. गळाचं टोक कोळंबीच्या शेपटीतून आत शिरलं, पाठीच्या कडेने वळलं आणि डोक्याखालून अलगद बाहेर आलं. मी पाय थांबवला. पाय थांबला तशी दोन्ही हातांची थरथर परत सुरू झाली, आणि गळासकट कोळंबी माझ्या बोटांत वाऱ्यावरच्या पानासारखी हलायला लागली.

"अरे देवा!" दिनू उंबऱ्यावरच बसला. "हात तर झकास चालला हो! मग लोक सांगतात ते काय?"

"लोक सांगतात ते खरंच आहे. पाय चालू असला की हात ऐकतो. पाय थांबला की हात माझा नाही."

थरथर सुरू होऊन चार वर्षं झाली होती. आधी सुईत दोरा जाईना. मग गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ठरेना. कारिवणे गावात माझ्या हातचे सदरे घालून तीन पिढ्या नवरदेव झाल्या, पण शेवटी दुकानाची फळी लावावी लागली. त्याचं एवढं वाटलं नाही. वाटलं ते झांजेचं. लक्ष्मीकेशवाच्या देवळात यशवंतबुवा कीर्तनाला उभे राहिले की त्यांच्या मागे झांजेवर मी, हा रिवाज मी मिशी फुटल्यापासून पाळलेला. एका एकादशीला बुवा आख्यानात ऐन करुण जागी थांबले, सगळं देऊळ श्वास धरून बसलं, आणि त्या शांततेत माझी झांज आपली आपणच किणकिणायला लागली. बुवांनी आख्यान पुढे नेलं. मीच झांज पिशवीत घातली आणि पुढच्या कीर्तनाला खांबाजवळ, श्रोत्यांत जाऊन बसलो.

"कोळंबी कशाला लावताय पण?" दिनूने विचारलं.

"उद्याच्या स्पर्धेत बसतोय."

त्रिपुरी पौर्णिमेच्या उत्सवाला जोडून पुण्याच्या एका हौशी मंडळाने आमच्या खाडीवर गरी टाकून मासे धरायची स्पर्धा ठेवली होती. दोन गट होते. एक सर्वसाधारण, त्यात आमिष लावण्यापासून मासा काठावर येईपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालणार नव्हता. दुसरा दिव्यांगांचा, त्यात मदतीला एक माणूस घेता येत होता.

दिनूचा चेहरा उजळला. त्याचा डावा हात कोपराखाली नव्हता. बर्फाच्या कारखान्यात गेला होता. काठी काखेत दाबून, रीळ उजव्या हाताने फिरवून तो असे मासे काढायचा की दोन हातवाल्यांनी बघत राहावं. बंदरावर मात्र त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. जी हाक मारत, ती मी इथे लिहीत नाही.

"म्हणजे आमच्या गटात! आप्पा, देवासारखे भेटलात. पलीकडच्या गावचा एक जण येणार होता, तो नाही म्हणाला. आता उरलो मी आणि खारवीवाड्यातली कुसुम. तीन माणसं नसली तर गटच रद्द करणार म्हणे."

"दिनू, मी सर्वसाधारण गटात बसतोय."

"का?"

मग मी त्याला सांगितलं. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी चहाचं आधण माझ्या पायावर सांडलं आणि मुलगा, उन्मेष, पुण्याहून धावत आला. पट्ट्या बदलता बदलता म्हणाला, "आप्पा, आता पुरे. चला माझ्याकडे." मी नाही म्हटलं. तो रोज विचारी, मी रोज नाही म्हणे. शेवटी देवळाच्या पायरीवर, यशवंतबुवांच्या समोर त्याने शब्द दिला: "त्या स्पर्धेत बसा. कुणाचा हात न लागता एक मासा काढून दाखवा. काढलात तर तुम्ही इथे, आणि मी पुण्याचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर मात्र माझ्याबरोबर यायचं." बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली होती.

दिनू उंबऱ्यावरची धूळ उगीच बोटाने सारखी करत राहिला.

"मग नकोच, आप्पा," तो उठत म्हणाला. "आमच्या गटाचं काय, पुढच्या वर्षी बघू. तुमचं घर जायला नको."

"तुला वाईट वाटलं."

"छे हो. फक्त एकदा त्या भोंग्यावरून माझं नाव ऐकायचं होतं. पुरं नाव. दिनकर अनंत भाटकर. आमच्या पोरीला ऐकवायचं होतं." आणि हसून म्हणाला, "ती समजते बापाचं नाव तेच, जे बंदरावर ओरडतात."

तो गेला. मी परत जाळीवर पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेट्टीवर जत्रा लोटली होती. काठाकाठाने चुन्याने चौकोन आखले होते. ज्याचा त्याचा एक. भरती पुरी होईपर्यंत चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम. उन्मेष रात्रीच्या गाडीने आला होता. माझी गळाची काठी त्याने खांद्यावर घेतली होती, पण जेट्टी आली तशी न बोलता माझ्या हातात दिली. शब्दाचा पक्का. लहानपणापासून तसाच.

टेबलापाशी पंच म्हणून डॉक्टर मुकादमबाई बसल्या होत्या. आमच्याच तालुक्याच्या, बोलायला करड्या, हाताला मऊ. त्यांच्यासमोर दिनू आणि कुसुम उभे होते, आणि मंडळाचे एक पाटसकर म्हणून गृहस्थ, स्वतःही स्पर्धेत उतरलेले, डोक्यावर मोठी टोपी, हुज्जत घालत होते.

"मॅडम, दोघांवर गट होत नाही. आणि मुळात या बाईंना ऐकू येत नाही म्हणून दिव्यांग? मासे धरायला कान कशाला लागतात? उलट इथे गडबड ऐकू न येणं चांगलंच!"

"तुमची सुरुवातीची शिट्टी कशाने ऐकतात हो? डोळ्यांनी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "काल सरावाला ती शिट्टीनंतरही बसून राहिली आणि तुम्हीच तिला बाद म्हणालात."

लोक हसले. कुसुमने दिनूकडे पाहिलं. दिनूने खांदे उडवून तिला हाताने काहीतरी सांगितलं, तीही हसली.

"पण तीन पाहिजेत, हा नियम तुमच्या मंडळाचाच," बाई पुढे म्हणाल्या. "तिसरं कोणी नसेल तर माझाही इलाज नाही."

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आप्पा शिंपी आहेत ना! त्यांचा हात बघा की!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सर्वसाधारण गटाच्या रांगेत, पाटसकरांच्याच पुढे उभा होतो. काठीचं टोक हवेत थरथरत होतं.

"माझं नाव इकडे आहे," मी म्हटलं.

"इकडे?" पाटसकर दचकून मागे सरले. "काका, राग मानू नका, पण तुमचा चौकोन माझ्या शेजारी आहे. हा गळ माझ्या डोळ्यात गेला म्हणजे?"

"हात हलतो त्यात नुकसान काय?" दुसरा एक जण म्हणाला. "पाण्यात आमिष हलतं राहील. माशाला वाटेल जिवंत आहे. आम्ही त्यासाठी मनगट दुखवून घेतो, यांना देवाने फुकट दिलंय!"

पुन्हा हशा. उन्मेष हसला नाही. दिनू पुढे झाला.

"बाई, आप्पांना सोडा. त्यांना तिकडेच बसू द्या. आमचा गट नाही झाला तरी चालेल."

"कुणाला काय चालेल ते मी विचारलेलं नाही, दिनकर," डॉक्टरबाई म्हणाल्या. दिनूचं खरं नाव त्यांच्या तोंडून आलं तसा तो एक पाऊल मागे सरला. बाई माझ्याकडे वळल्या. "आप्पा, कुणाला काय झालंय, किती टक्के आहे, ते मला नको. इथे काम एकच. गळाला कोळंबी लावून दाखवा. लागली, तर तुम्ही या गटात आणि पाटसकर तुमच्या शेजारी मुकाट्याने बसतील. नाही लागली, तर त्या गटात. कबूल?"

मी उन्मेषकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं.

"कबूल," मी म्हटलं.

मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर स्टुलावर कोळंबीची वाटी आली. चहूबाजूंनी माणसं दाटली, वारा लागेना. पुढे पाटसकरांची टोपी, उजवीकडे दिनू, आणि गर्दीच्या कडेला, मला दिसेल असा, उन्मेष. पायाखाली जेट्टीच्या ओल्या फळ्या. मी कोपर बरगडीला टेकवलं, मनात नाम धरलं आणि कोळंबी उचलली.

पहिली घसरून वाटीत पडली.

"सावकाश, आप्पा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

चपलेची टाच फळीवर टक-टक, टक-टक वाजत होती. मागून एक बाई हळहळली, "अगं बाई, पाय पण थरथरतात त्यांचे."

दुसऱ्या कोळंबीच्या शेपटीत गळ शिरला. पाठीशी वळवायच्या जागी टोक भलतीकडून बाहेर आलं, कोळंबी चिरली आणि तिचे दोन तुकडे झाले.

"राहू द्या, आप्पा," दिनू पुटपुटला. "आता पुरे. लावा नीट." त्याचा आवाज असा होता, जसं त्याचं नि माझं काही गुपित आहे आणि मी ते फार लांबवतोय.

तिसरी मी बराच वेळ धरून ठेवली. माझं लक्ष त्या बारीकशा शेपटीवर होतं, पण मला दिसत होतं घर. मशीनमागची खिडकी. खिडकीतून दिसणारं देवळाचं शिखर. संध्याकाळी चौघड्याआधी बुवांची पेटी लावली जाते, तिचे दोन-तीन सुटे सूर खिडकीतून येतात, ते. मग गळ माझ्या अंगठ्यात रुतला आणि कोळंबी फळ्यांच्या फटीतून खाली पाण्यात गेली. खालून एक डुबुक आवाज आला. बोय मासळी असावी.

डॉक्टरबाईंनी स्वतः गळ काढला, अंगठ्याला कापूस लावला आणि फार हळू आवाजात विचारलं, "त्या गटात नाव घालू ना?"

"घाला," मी म्हटलं.

भोंग्यावरून नावं पुकारली. दिव्यांग गट, स्पर्धक तीन. दिनकर अनंत भाटकर. गर्दीतून एक पोर बापाचं नाव ऐकून टाळ्या वाजवत नाचायला लागली.

माझा मदतनीस म्हणून उन्मेष चौकोनात आला. जन्मात त्याने कोळंबीला हात लावला नव्हता. घरात मासळी शिजली की खिडकी उघडणारा मुलगा तो. आता गुडघ्यावर बसून तो आमिष लावत होता, बोटं टोचून घेत होता, आणि मी फेकत होतो. चुन्याच्या त्या चार रेघांत आम्ही दोघं भरती भरेपर्यंत अडकलो. ऊन चढलं.

"पाणी देऊ?" तो एकदा म्हणाला.

"नको. बाहेर जाऊ देणार नाहीत. लघवीला लागली तर?"

तो हसणार होता. हसला नाही.

दोर पाण्यात गेल्यावर मात्र माझा हात आपलं काम करत राहिला. काठीच्या टोकापासून खालच्या कोळंबीपर्यंत ती थरथर अखंड उतरत होती. भरतीच्या शेवटाला एक जबर हिसडा बसला. काठी वाकली. उन्मेषने मदतीला हात पुढे केला. मग त्याचा त्यानेच मागे घेतला आणि मुठी आवळून बसला. मी रीळ फिरवत राहिलो. तांबोशी होती, लालबुंद, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा विस्तवासारखी दिसणारी. काठावर आली तेव्हा पाटसकर आपला चौकोन विसरून धावत आले.

"काका, आमच्या गटात एवढा मासा कोणाला नाही मिळाला! तिकडे असता तर पहिले होता तुम्ही!"

दिनूला त्याहून मोठा जिताडा मिळाला होता. करंडक त्याला मिळाला. एका हाताने तो धरून दिनू थेट माझ्याकडे आला, करंडक मातीत ठेवला आणि माझे पाय धरले.

"काल मशीनवर मी स्वतः बघितलंय, आप्पा," तो कानाशी म्हणाला. डोळे वाहत होते. "मला माहीत आहे तुम्ही काय केलंत. कोणासाठी केलंत. कुणाला सांगणार नाही."

मी तोंड उघडलं. त्याची मुलगी करंडकाला मिठी मारून उभी होती. मी तोंड मिटलं.

पंधरा दिवसांनी मी पुण्याला गेलो.

उन्मेष माझा चांगला मुलगा आहे आणि सूनबाई त्याहून चांगली, हे आधी सांगतो. मशीनसुद्धा त्याने टेम्पोत घालून बरोबर आणलं. पण पाचव्या मजल्यावर मी जाळीवर पाय ठेवला की खालच्या घरातल्या बाई वर यायच्या. "आजोबा, डोक्यावर घण पडतात हो." मग मशीनवर चादर आली, चादरीवर तुळशीची कुंडी आली. लिफ्टचं बटण मला दाबता येत नसे, बोट तीन मजल्यांवर फिरे. म्हणून खाली जायचं ते कोणी बरोबर असेल तेव्हाच. मोबाइलवर कीर्तनं लागत. छान असतात. पण कीर्तनात बुवा अधूनमधून श्रोत्यांकडे बघतात, ते बघणं मोबाइलमध्ये येत नाही. मी गॅलरीच्या जाळीशी उभा राही. समोरच्या गॅलरीच्या जाळीशी एक आजोबा उभे असत. आम्ही एकमेकांना नमस्कार करत असू. बास.

पाच वर्षांनी उन्मेषने रजा काढली आणि मला त्रिपुरीच्या उत्सवाला घेऊन आला.

देऊळ तेच, सतरंजी तीच. यशवंतबुवा थकले होते, पण फेटा बांधून गादीवर उभे राहिले आणि पहिला स्वर लावला, तसं माझ्या पाच वर्षांच्या धुळीवर कोणी पाणी शिंपडलं असं झालं. पूर्वरंगात त्यांनी दानाचा विषय घेतला. धन दिलं म्हणजे सोपं, अन्न दिलं म्हणजेही सोपं, पण आपली उभी राहायची जागा जो दुसऱ्याला देतो त्याला काय म्हणावं? बुक्का लागला, हार झाला, उत्तररंग सुरू झाला. मी पुराणातल्या कोणा राजाची वाट बघत सरसावून बसलो.

"राजाची गोष्ट दरवर्षी सांगतो," बुवा म्हणाले. "आज एका शिंप्याची सांगतो. लांबचा नाही. आपल्या खाडीवरचा."

सरसावलेला मी मागे सरकलो.

बुवा रंगले. मशीन आलं, दारातला दिनू आला, मुलाचा शब्द आला. "आणि मंडळी, ज्या हाताने आदल्या दिवशी गळ लीलया लावला, तो हात त्या माउलीने हजार डोळ्यांसमोर हरू दिला! एकदा नव्हे, तीनदा! घर गेलं, गाव गेलं, देव गेला डोळ्यांआड, पण एका भावाचं नाव भोंग्यावर वाजलं!" पेटीवाल्याने सूर भरला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. पुढच्या ओळीत दिनू हमसून रडत होता. पोटात ठेवून ठेवून शेवटी त्याने बुवांना सांगून टाकलं होतं. एकेक मान माझ्याकडे वळायला लागली.

मला उठायचं होतं. नाही बुवा, तसं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण कीर्तनात बुवांचं वाक्य तोडायचं नसतं. नारदाची गादी आहे ती. जन्मभर मी स्वतः कुजबुजणाऱ्यांना डोळे वटारून गप्प बसवलं होतं. मी सतरंजीला खिळून बसलो. हात मांडीवर उडत होते.

तेव्हा शेजारी बसलेला उन्मेष माझ्या कानाशी वाकला.

"आप्पा, मला माहीत आहे."

"काय?"

"तुमची चप्पल वाजत होती. जेट्टीवर. लोक म्हणाले पाय थरथरतोय. मी मशीनच्या त्या आवाजावर झोपून लहानाचा मोठा झालोय, मला कळणार नाही? तुम्ही जिवाच्या आकांताने पाय चालवत होतात." तो थांबला. बुवा वरच्या पट्टीत गेले होते. "मुद्दाम हरला असतात, तर मी तुम्हाला नेलंच नसतं. त्याच दिवशी परत एकटा गेलो असतो. हात खरंच चालत नव्हता, म्हणून नेलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे समोर, बुवांवर.

"दिनूला सांगू नकोस," मी म्हटलं.

"नाही सांगत."

बुवांनी आख्यान संपवलं आणि भर कीर्तनात हात जोडून माझ्याकडे वळले. "आप्पा, तुमची जागा रिकामी आहे. या." कोणीतरी मला उठवलं, गादीच्या मागे नेऊन बसवलं, गळ्यात हार घातला आणि देवळात ठेवलेली माझी जुनी झांज पिशवीतून काढून हातात दिली. उन्मेष माझ्यामागोमाग आला आणि न विचारता माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. गजर सुरू झाला. मृदंग, पेटी, देवळातल्या सगळ्या टाळ्या. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. खट-खट, खट-खट. मशीनचा.

झांज पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. त्या गजरात कोणाला कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघून हात जोडत होते. कळत होतं ते फक्त उन्मेषला. त्याची बोटं थांबली नाहीत.